तांब्याचे ठिगळ

शनिवार, १६ ऑगस्ट २०१४, सायंकाळचे सहा. सीरियाच्या सीमेवरील आर्मेनियन गावात युद्धानंतर परतलेली त्रेचाळीस कुटुंबे जळालेल्या चर्चसमोर उभी होती. उद्याच्या मारियामातेच्या सणाचा गहू-मांसाचा प्रसाद रात्रभर शिजवायचा, पण लुटीतून उरलेल्या एकमेव हंड्याला गोळीचे भोक होते. “प्रसाद नाही, सण नाही, राहायचं कशाला? सोमवारी लटाकिया शहरातल्या आसऱ्याला परत जाऊ,” नाझेली म्हणाली. बऱ्याच माना डोलल्या. तिची नणंद सिरवार्द तांबटाची मुलगी. सांधेदुखीसाठी घातलेल्या तांब्याच्या कड्याचा तुकडा तिने तोडला, भोकात बसवला आणि दोन्ही बाजूंनी ठोकून सपाट केला. “वन्सं, आता सांधे दुखतील.” “दुखू देत. तू पाणी ओत. जीभ चालते तसा हातही चालव.” नाझेलीने घागर रिती केली. थेंबही गळला नाही. मग तिनेच गहू ओतला आणि ढवळण्याचा दांडा धरला. सोमवारी गावात पेटलेल्या चुली: त्रेचाळीस.