शेवटचे आकडे

धाकट्या दौलतच्या पत्राला बाबूरावांनी अकरा वर्षं उत्तर दिलं नव्हतं. आईच्या मातीलाही न आलेल्या भावाला काय लिहायचं? पत्रात “दादा, माफ कर” एवढंच होतं आणि खाली, फौजी सवयीने, पत्त्याऐवजी अक्षांश-रेखांश.

सोमवारी नात धम्मदीनाने ते मोबाइलमध्ये टाकले, तेव्हा नकाशावर शहरापासून लांब, देपालपूरकडचं एक शेत दिसलं होतं. आज तिने पुन्हा पत्र उघडलं.

“आजोबा, कागदावरचे शेवटचे आकडे बदललेत! ये तो अपना छत्रीबाग है. आपल्या गल्लीच्या कोपऱ्यावरची टपालपेटी.”

शाई मात्र तीच, जुनी, विटलेली.

“आता सुचलं होय याला यायचं!” बाबूरावांनी संतापाने कोरा कागद ओढला. “माफी नाही. येऊ नकोस,” असं लिहून त्यांनी पाकीट चिकटवलं आणि तडक जाऊन कोपऱ्यावरच्या त्याच पेटीत टाकलं.

आतून पाकीट फाडल्याचा आवाज आला.