शून्य टक्के

"हत्यारं घे आणि चल. माझ्या मेहुण्याचं वॉशिंग मशीन बंद पडलंय," मोठा भाऊ दारातूनच म्हणाला. बसायचं नावही नाही.

फ्रीज मेकॅनिक जेवत होता. रविवार होता. दोन वाजता एका बेकरीतला मोठा फ्रीज दुरुस्त करायला जायचं होतं. सुट्टीच्या दिवसाचे दुप्पट पैसे मिळणार होते.

"भाऊजी, आज त्यांना काम आहे," त्याची बायको म्हणाली.

"असं का? मग तुझ्या ऑपरेशनला ऐंशी हजार कुणी दिले होते? एका पैशाचं व्याज घेतलं का मी?"

व्याज नाही घेतलं म्हणे! दीड वर्षात याच्या घरचा एसी तीनदा झाला, मुलीच्या सासरचा फ्रीज झाला, साहेबाचा गिझर झाला. सगळं फुकट, सगळं रविवारी. आणि प्रत्येक घरात चहा घेता घेता तेच पालुपद, "हा आमचा धाकटा. मी होतो म्हणून तरला." धाकटा मान खाली घालून पाइप जोडायचा आणि संताप गिळायचा. पोरांसमोरसुद्धा हा तेच ऐकवायचा. माणसाने किती गिळावं?

घरातल्या फ्रीजवर बायकोने देण्यांची यादी चिकटवली होती. क्रेडिट कार्ड छत्तीस टक्के, बँक चौदा टक्के, शेवटी दादा, शून्य टक्के. वर लाल पेनाने लिहिलं होतं: नवी उधारी बंद. रविवारची कमाई कर्जात. सगळ्यात महाग कर्ज आधी फेडायचं. हिशोब चोख होता. फक्त रविवार हाती लागत नव्हते.

मोठ्याने यादी वाचली आणि तो भडकला.

"म्हणजे मी शेवटी? परक्यांची देणी आधी, आणि घरचा भाऊ गेला खड्ड्यात! चांगले पांग फेडलेस. माझे पैसे कधी देतोस, ते बोल आधी."

मेकॅनिकने ताट बाजूला सारलं. हात धुतले. कपाटातून एक पाकीट काढलं. काल त्याने मोटरसायकल विकली होती. उद्या त्यातून कार्ड फेडायचं, असं नवराबायकोचं ठरलं होतं. त्याने बायकोकडे पाहिलं. तिने लाल पेन उचललं. त्याने पाकीट भावापुढे ठेवलं.

"मोज. ऐंशी आहेत."

मोठ्याचा चेहरा पडला. पाकिटाला त्याने हातही लावला नाही.

"अरे, मी काय वसुलीला आलो होतो का? रागात बोलतो माणूस. राहू दे तुझ्याकडे. दे सावकाश."

"मोज, दादा."

"वेडा आहेस का तू? तिकडे कार्डाचं छत्तीस टक्के चढतंय, आणि माझं बिनव्याजी फेडतोस? अगं, तू तरी सांग याला."

ती फ्रीजपाशी उभी होती. लाल पेनाने तिने यादीतली शेवटची ओळ खोडली. दोनदा खोडली.

मेकॅनिकने हत्यारांची पिशवी खांद्याला अडकवली. बेकरीपर्यंत आता चालत जायचं होतं, चांगला पाऊण तास.

"तुमच्याच यादीतला नियम कळत नाही तुला?" मोठा मागून ओरडला. "सगळ्यात महाग कर्ज आधी फेडायचं असतं!"

"तेच फेडलं, दादा."