थट्टेतला वाटा

समुद्रकाठच्या सुट्टीच्या शिबिरात जेवण वाढणारे सेककाका गेये आडनावाच्या पोरांची रोज टर उडवायचे. सेक आणि गेये या दोन आडनावांचं पिढीजात थट्टेचं नातं सगळ्या सेनेगलला ठाऊक. त्यात कोणी कोणाचा राग धरायचा नसतो. माशाच्या भाताची परात आली की काका ओरडत, "झाका रे, गेयेंची धाड आली!" पोरंही सोडत नसत. "काका, तुम्ही सेक तर परातसुद्धा चाटूनपुसून ठेवता!"

नेली ताव्हारेसला मात्र काका हळूच विचारत, "बाळा, मासा वाढू का?" तिचे पणजोबा केप व्हर्दच्या बेटांवरून आलेले. त्या आडनावाशी सेकांचं थट्टेचं नातं नव्हतं, म्हणून काका अदबीनं वागत.

आज नेली भरलेली पिशवी घेऊनच जेवायला आली. "मला घरी जायचंय."

काका घाबरले. "कोणी काही बोललं का तुला?"

"कोणीच काही बोलत नाही!" तिचे डोळे भरून आले. "सगळ्यांना हावरट म्हणता, मला एकदाही नाही."

"अगं, तू ताव्हारेस. तुला कसं म्हणणार? तशी रीत नाही."

"मग आजपासून मी गेये."

काकांनी तिच्याकडे पाहिलं, मग पिशवीकडे. आणि एकदम परातीवर आडवे हात धरून बोंब ठोकली, "पळा रे पळा! ही गेये सगळ्यांच्या वरताण निघाली, भात न्यायला पिशवीच घेऊन आलीय!"

पोरं खो खो हसली. नेलीनं नाक पुसलं आणि पिशवीची चेन उघडली.

"थांबा काका, आधी रिकामी करून आणते."