अकराव्या मजल्यावरची पाल

ज्योतीरामांनी पावाचा तुकडा तर्रीत बुडवला आणि टॅब वाजला.

"वहिनी," रोहिदास म्हणाला. चाकणच्या कंपनीत दोघांनी एकाच मशीनवर आयुष्य काढलं होतं. बायकोचा फोन कुठला आणि सुपरवायझरचा कुठला, हे त्याला ज्योतीरामांच्या चेहऱ्यावरून कळायचं.

ज्योतीरामांनी घास गिळला, तोंड पुसलं, इअरफोन कानात घातले. टॅब टेबलावर उभा केला आणि मिसळीची ताटली त्याच्यामागे सरकवली. तळवड्याच्या चौकातलं हॉटेल या वेळी गच्च भरलेलं असायचं.

हा टॅब घ्यायचा ठरला तेव्हा घरात बैठक झाली होती. ज्योतीरामांना नुकताच स्टेंट बसला होता आणि नेमकं त्याच वेळी मंजुळाबाईंना लेकीच्या बाळंतपणासाठी लातूरला जायचं होतं. मुलगा समाधान आणि सून वर्षाली सकाळीच कामावर जाणार. वाकडच्या फ्लॅटमध्ये दिवसभर ज्योतीराम एकटे.

"फोनवर बाबांचं नुसतं नाक दिसतं," वर्षाली म्हणाली. "लॅपटॉप त्यांना झेपायचा नाही. टॅबच घेऊ."

मंजुळाबाईंची अट एकच होती. त्या दिवसभरात कधीही व्हिडिओ कॉल करतील, तेव्हा नवरा हॉलमध्ये बसलेला दिसला पाहिजे. बाहेरचं तेलकट खाताना सापडला, तर जावई येऊन लातूरला घेऊन जातील. जावई निसर्गोपचारवाले. त्यांच्या घरी दिवस दुधीच्या रसानं उजाडतो आणि दुधीच्याच रसानं मावळतो.

ज्योतीरामांनी सगळं मान्य केलं. फक्त टॅब सिमकार्डवाला हवा म्हणाले.

"घरात वायफाय आहे की बाबा. सिम कशाला?"

"लाइट गेली तर तुझी आई मला दिसायची कशी?"

समाधानचे डोळे भरून आले. त्यानं महागातला घेतला.

पुढचं शिक्षणही समाधानकडूनच मिळालं. तो घरून मीटिंगला बसला की त्याच्यामागे पुस्तकांनी भरलेलं कपाट दिसायचं. ज्योतीरामांनी ते कपाट दोन दिवस घरभर शोधलं. मग कळलं, मागे चित्र लावता येतं. न वाचलेल्या पुस्तकांचं लावता येतं, तर स्वतःच्या हॉलचं का नाही?

त्यांनी हॉलच्या भिंतीचा फोटो काढला. काढण्याआधी भिंतीवरचं घड्याळ आठवणीनं उतरवलं, नंतर पुन्हा टांगलं. सगळी नोकरी हजेरीचं कार्ड पंच करण्यात गेलेली. घड्याळ माणसाला पकडून देतं, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. चष्मा लावायचा तेवढा राहिला. त्यामुळे कोपऱ्यातली पाल फोटोत आली ती आलीच. चित्र लावायला ते शिकले होते, बदलायला नाही.

मंजुळाबाई निघोजे गावच्या. वाघाला भ्यायच्या नाहीत, पालीला भ्यायच्या. पहिल्याच कॉलला किंचाळल्या, "अवो, डोक्यावर पाल हाय!"

"हाकलतो."

दुसऱ्या दिवशी पाल तिथंच.

"ही दुसरी," ज्योतीराम म्हणाले.

"अकराव्या मजल्यावर? चढली कशी?"

"लिफ्ट आहे ना."

ज्योतीरामांच्या सांगण्यानुसार घड्याळ दुरुस्तीला दिलं होतं. मागचा गोंगाट टीव्हीचा होता. पुढे पुढे मंजुळाबाईंनी पालीचं नाव काढणं सोडलं. सवय झाली असेल, असं ज्योतीरामांना वाटलं, आणि मिसळीबरोबर ते कांदाभजीही मागवू लागले.

आज मंजुळाबाई पडद्यावर आल्या आणि ज्योतीराम बघतच राहिले. बायकोच्या मागे वाकडच्या हॉलची भिंत होती. तोच पिस्ता रंग, घड्याळाजवळची तीच चीर.

"आयला, रोहिदास," ते कुजबुजले, "ही पण शिकली राव!"

"जेवलात का?" मंजुळाबाईंनी विचारलं.

"ते जाऊ दे. तुला हे कुणी शिकवलं? जावयांनी? तुझा फोटो माझ्यापेक्षा भारी आलाय गं. पाल नाही त्यात." ज्योतीरामांनी आवाज खाली आणला. स्टेंट बसवलेली छाती अभिमानानं फुगली होती. "पण एक चुकलंच बघ तुझं. फोटो काढायच्या आधी घड्याळ उतरवायचं असतं. नाहीतर आपण पकडले जातो. आता खरं सांग, बसलीयस कुठं? मी कुणाला नाही सांगणार."

मंजुळाबाईंच्या मागे घड्याळाचा सेकंदकाटा टकटक पुढे सरकत होता.

ज्योतीरामांनी त्याची एक अख्खी फेरी पाहिली. रोहिदासनं आपली ताटली उचलली आणि तो पलीकडच्या टेबलावर जाऊन बसला, जणू त्याची यांची ओळखच नाही.

"कधी आलीस?"

"आत्ताच. जावई खाली गाडी लावत्यात." मंजुळाबाईंनी पिशवीत हात घातला आणि एक लांबलचक दुधी कॅमेऱ्यासमोर धरला. टॅब मोठा होता. तरी दुधी मावला नाही.

"अगं, पण तुला कळलं कसं?" ज्योतीराम रडकुंडीला आले. "घड्याळ तर मी काढलं होतं!"

"घड्याळाचं ऱ्हाऊ द्या. ती भिंतीवरची पाल इतक्या दिसांत एकदा तरी चुकचुकली का? न्हाई. तवाच माझ्या मनातली चुकचुकली."