खोटा सेन्सर

डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा लागल्यापासून काकांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. पेट्रोलच्या टाकीतल्या वाफेचा सेन्सर उगाच बोंब मारतोय, असं स्वतःच ठरवून त्यांनी मेकॅनिककडून नवा बसवून घेतला. घरी पोचायच्या आत दिवा पुन्हा हजर.

सकाळी काकूंना घेऊन ते तडक गॅरेजवर. मेकॅनिकनं गळती शोधायला टाकीच्या नळीत धूर सोडला, तर मागच्या सीटखालून बारीक रेघ वर आली.

"काका, पाइपला चीर आहे. जुना सेन्सर खरंच सांगत होता."

काकूंनी पर्समधून छोटी बाटली काढली.



"मागे बसलं की पेट्रोलचा वास येतो असं मी म्हणाले, तर तुम्ही मला नाकाच्या डॉक्टरांकडे नेलंत. मग हे थेंब आता बंद करू?"