गिऱ्हाइकाचा ओटा

फ्लोरिडातल्या त्या चिमुकल्या कॉन्डोत, म्हणजे आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये, डोरीननं तीस वर्षं संसार केला. कपाटाचं दार उघडायला जावं तर ते हातात येई, बाथरूमच्या गुलाबी फरश्या पायाखाली डुगडुगत. तिनं तोंड उघडलं की नवरा, ग्लेन, टीव्हीवरची नजर न हलवता म्हणे, "अगं, चालतंय की."

मग घर विकायचं ठरलं. "हे स्वयंपाकघर बघून गिऱ्हाईक दारातूनच पळेल," असं एजंटबाई म्हणाली मात्र, ग्लेनच्या अंगात विश्वकर्मा संचारला. पांढरीशुभ्र कपाटं आली, दगडी ओटा आला, काचेची न्हाणी आली.

डोरीन हरखली. "आज या ओट्यावर मस्त मासे तळते."

"वेड लागलंय का? घरभर वास बसेल! आणि आंघोळीला खाली क्लबहाउसमध्ये जा. काचेवर डाग पडतात."

घर विकलं जाईपर्यंत डोरीन खांद्यावर टॉवेल टाकून खाली जात राहिली.

घर हातोहात खपलं. दोघं त्याहून लहान कॉन्डोत आली. तिथला ओटा पिवळा पडलेला, नळ ठिबकणारा. डोरीननं नुसतं ग्लेनकडे पाहिलं.

"चालतंय की," तो सोफ्यावर पसरत म्हणाला. "हे कुठं आपल्याला विकायचंय?"

डोरीननं आतल्या खोलीत जाऊन एक फोन केला आणि हसतमुखानं बाहेर आली.

"विकायचंय. एजंटबाईला आत्ताच सांगितलं. गिऱ्हाइकं यायच्या आत ओटा तेवढा बदलून घे."