तत्त्वतः मंजूर

कर्ज अधिकाऱ्याने रिपोर्टचं तिसरं पान उलटलं आणि चष्मा कपाळावर चढवला.

"मंजुरी तर गेल्या आठवड्यातच मिळाली होती ना?" नवऱ्याने विचारलं.

"तत्त्वतः, साहेब. म्हणजे तुमच्या शब्दावर विश्वास ठेवून हो म्हटलंय. बघायचं ते आता बघायचं." अधिकारी हसला. "हा क्रेडिट रिपोर्ट सासूपेक्षा चिवट. फेडलेलंसुद्धा विसरत नाही."

तीही हसली. मांडीवरच्या पर्समध्ये चेक होता, प्रयोगशाळेतल्या बारा वर्षांच्या पगारातून मागे टाकलेलं सगळं. घर दोघांच्या नावावर, कर्जही दोघांच्या नावावर, वीस वर्षांसाठी. तिच्या सह्या तेवढ्या राहिल्या होत्या. पेन उघडून ती तयारच बसली होती.

"स्कोअर तर उत्तम," अधिकारी नवऱ्याला म्हणाला. "एकच शंका. तीन वर्षांपूर्वी तुम्ही एक छोटं कर्ज घेतलंत. फ्रिज, वॉशिंग मशीन, असल्या कशासाठी तरी. बारा हप्ते, एकही चुकला नाही. पण त्यावर पत्ता दिलाय तो..." त्याने कागद दोघांसमोर फिरवला. "तो तुम्ही आता घेताय त्याच घराचा आहे."

रक्ताचे रिपोर्ट वाचण्यात तिचा दिवस जायचा. नजर सवयीने आकड्यांवर गेली. तिसरा मजला, अकरा नंबर. मग तारीख. त्या वर्षी नवरा आठ महिने कामासाठी दुसऱ्या शहरात होता. खोलीवर फ्रिज नाही, दूध रोज नासतं, असं फोनवर सांगायचा.

"आडनावबंधूंनी जीव खाल्लाय माझा," नवरा म्हणाला. "कोणाचं तरी माझ्या नावावर चढलंय. अहो, ते घर मी गेल्या महिन्यात पहिल्यांदा पाहिलं. हो की नाही गं?"

"हो," ती म्हणाली. खरंच होतं. एजंट दार उघडून उभा होता आणि दोघं बरोबरच आत गेली होती.

"होतं असं कधी कधी," अधिकारी म्हणाला. "लिहून द्या तसं. हे कर्ज माझं नाही, या पत्त्याशी माझा कधीही संबंध आलेला नाही. चौकशी करू आम्ही, पण फाइल अडणार नाही."

नवऱ्याने कोरा कागद ओढला आणि अधिकाऱ्याच्या पेनाने लिहायला घेतलं. अक्षर नेहमीसारखं, सरळ रेषेत. तिने श्वास सोडला. अदलाबदल होते. तिच्या प्रयोगशाळेतही दोनदा झाली होती, एकाची चिठ्ठी दुसऱ्याच्या नळीला. अशा वेळी भांडत बसायचं नसतं. नमुना पुन्हा तपासायचा.

टेबलावरचा फोन वाजला. कागदांवरचा हात न काढता अधिकाऱ्याने तो स्पीकरवर टाकला. घराची किंमत ठरवायला गेलेला बँकेचा इंजिनिअर बोलत होता.

"साहेब, दाराशी उभा आहे. एजंटने दिलेली चावी आत जाते, पण फिरत नाही. दहा मिनिटं झाली झटतोय."

"जोर लावा की."

"जोर लावला तर तुकडा हातात येईल. मग बोलणी कोण खाणार?"

"दार जरा वर उचलायला सांगा," नवरा लिहिता लिहिता म्हणाला. त्याने मान वर केली नव्हती. "उचलून धरायचं आणि मग फिरवायची."

इंजिनिअरने ते ऐकलं असावं. फोनमधून खडखड आली, मग कुलपाचा एकच आवाज.

"उघडलं! भले शाबास!"

नवऱ्याचं पेन थांबलं. कागदावर 'या पत्त्याशी माझा' इथपर्यंतच आलं होतं. अधिकाऱ्याने कपाळावरचा चष्मा सावकाश डोळ्यांवर घेतला. तो रिपोर्टकडे पाहत नव्हता.

"आत मिट्ट काळोख आहे," फोन म्हणाला. "खिडक्या बंद आहेत सगळ्या. दिव्याचं बटण कुठंय, कोणाला माहीत आहे का?"

तिने आपल्या पेनला टोपण लावलं, घट्ट बसेपर्यंत दाबलं.

"सांग ना," ती नवऱ्याला म्हणाली.